मालवणच्या पाण्याखालची अमानत



दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड अशा आपल्या गावांतून कोकणाकडे गाड्या निघू लागतात. पूर्वी आपल्या घरांची सहल म्हणजे हैदराबाद, खुलताबाद, फार तर अजमेर. आता कुणाच्या तरी मोबाइलवर पाण्याखालचा व्हिडिओ येतो. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, भोवती पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मग मुले हट्ट धरतात की या वर्षी मालवणच. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने समुद्र पहिल्यांदा पाहिला की त्याला काय वाटते, ते सांगायला नको. सुबहानअल्लाह, एवढेच आमच्या तोंडून निघाले.

त्या सहलीची एक आठवण आमच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात होती. मुठीएवढा पांढरा, जाळीदार दगड. थोरल्या मुलाने तो पाण्याखालून आणला होता. फोटोसाठी तो एका खडकावर उभा राहिला, पायाखाली काहीतरी कडकन तुटले, आणि तो तुकडा घेऊनच तो वर आला. तेव्हा त्याचा रंग तपकिरी होता आणि त्याला वास येत होता. उन्हात वाळवला, धुतला, पांढरा झाला. होडीवर कुणी मुलाला हटकले नाही. खरे सांगायचे तर आम्हीही हटकले नाही.

गेल्या ईदला मामू घरी आले. मामू वनखात्यातून निवृत्त झाले आहेत, शेवटची वर्षे टिपेश्वरला होते. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन ते कपाटापुढे थांबले.

"बेटा, इथं वाघाचं नख ठेवलं असतं का?"

"तौबा, मामू! असं कसं ठेवू?"

"मग हे का ठेवलं? कायद्याच्या यादीत दोघं शेजारी शेजारीच आहेत."

मामू बोलले ते खरे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जसा वाघ आहे, तशीच खडक बांधणारी सर्व प्रवाळेही आहेत. ती तोडणे, जवळ बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. आपल्या पांढरकवड्याकडच्या लहान मुलालाही वाघाचा कायदा ठाऊक असतो. प्रवाळाचा कायदा मात्र आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हता. मामूंच्या सांगण्यावरून तो तुकडा आम्ही वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. कपाटातली जागा रिकामी झाली, मनातला विचार मात्र गेला नाही. म्हणून या महिन्याचा हा मजकूर.

मरजान हे नाव आपल्या घरांना नवे नाही. सूरह रहमान पठण करणाऱ्या प्रत्येक घरात ते ऐकलेले असते. अल्लाहच्या देणग्यांमध्ये मोत्याबरोबर मरजानचाही उल्लेख तिथे आहे. मराठीत आपण त्याला पोवळे किंवा प्रवाळ म्हणतो. दिसायला दगड, पण तो हजारो बारीक जिवांचा मोहल्ला असतो. एकेक जीव ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान. तो स्वतःभोवती चुन्याची भिंत बांधतो, आणि त्याच्या अंगात राहणारे सूक्ष्म शेवाळ उन्हाच्या मदतीने त्याला अन्न पुरवते. तपकिरी रंग त्या शेवाळाचा. गोलाकार वाढणारी प्रवाळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे आमच्या मुलाच्या एका पावलाखाली जे तुटले, ते तयार व्हायला कित्येक वर्षे गेली असणार. प्रवाळाला हात लावला तर त्याच्या अंगावरचे पातळ संरक्षण निघते. पायातल्या वल्ह्यांनी तळाची वाळू उडवली तर ती त्याच्यावर बसून ते गुदमरते. होडीचा नांगर पडला तर मोहल्लाच्या मोहल्ला मोडतो. वरून समुद्राचे पाणी फार तापले की आतले शेवाळ निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि पुष्कळदा मरते. या खडकांच्या कपारींत माशांची पिल्ले लपतात, वाढतात. खडक गेला की मासाही कमी होतो.

आता मालवणची गोष्ट. कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी झाली. ज्या आरमारासाठी तो बांधला, त्या शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मोठा अधिकारी होता, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. याच किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात ही प्रवाळे आहेत. 1987 मध्ये सरकारने इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. एकूण क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा फक्त 3.18 चौरस किलोमीटर. आपल्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र 148 चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे टिपेश्वरच्या एका कोपऱ्यात मालवणचा सगळा गाभा मावेल. एवढ्याशा जागेवर हक्क सांगणारे किती, ते पाहा.

पहिला हक्क सांगणारा पारंपरिक मच्छीमार. मालवणला गाबीत समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत आली आहेत. तिथे रापण नावाची जुनी पद्धत आहे. होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकायचे आणि किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे. जो दोर ओढतो त्याला वाटा मिळतो. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा या लोकांना वाटले की आता आपली जाळी बंद होणार. त्यांनी विरोध केला, आणि तो पुढे वर्षानुवर्षे टिकला. त्यांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ ओढली गेली, ही त्यांची तक्रार आपल्याला समजायला अवघड जाऊ नये. जंगल राखले जाते तेव्हा गुरे चारणाऱ्याच्या पोटात काय कालवते, ते राळेगाव-पांढरकवड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

दुसरा हक्क सांगणारा पर्ससीनवाला. यांत्रिक नौका, प्रचंड जाळे, माशांचा अख्खा थवा वेढून तळाकडून जाळ्याचे तोंड आवळायचे. एका फेरीत जे हाती लागते, ते रापणीच्या माणसांना कित्येक दिवसांत मिळत नाही. यावरून मालवण परिसरात अनेकदा संघर्ष पेटला. शेवटी सोमवंशी समितीच्या अहवालाचा आधार घेऊन राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी आदेश काढला आणि पर्ससीनवर क्षेत्राची आणि महिन्यांची बंधने घातली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आपले दालदी मुस्लिम बांधवही पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या वादाला कुणी गावाचा किंवा धर्माचा रंग देऊ लागला तर ऐकू नका. हा वाद लहान जाळे आणि मोठे जाळे यांचा आहे.

तिसरा हक्क सांगणारा पर्यटन व्यवसाय. मासा कमी मिळू लागला तसे अनेक मच्छीमारांच्या मुलांनी होडीत पर्यटक बसवायला सुरुवात केली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कुबा डायव्हिंग शिकवणारी संस्था उभी केली. रोजगार आला, घरे सावरली, यात वाईट काही नाही. पण मग एकाचे पाहून दुसरा आणि दुसऱ्याचे पाहून तिसरा उतरला. आम्ही गेलो तेव्हा जेट्टीवरच दर पाडण्याची चढाओढ चालू होती. आम्हीही घासाघीस करून सगळ्यांत स्वस्त होडी धरली. दर पाडला की होडीवाल्याला माणसे जास्त घ्यावी लागतात, प्रत्येकाचा वेळ कमी करावा लागतो, आणि शिकवण्याची पंधरा मिनिटे आधी कापली जातात. आम्हाला सूचना मिळाल्या त्या एवढ्याच: नळी दाताने धरा, तोंडाने श्वास घ्या, अंगठा वर केला की वर आणू. प्रवाळाला हात लावू नका, हे कुणी सांगितले नाही. खाली मासे जमावेत म्हणून पाव टाकला जात होता. नांगर थेट खडकाजवळ पडला होता.

हे केवळ आमचे पाहणे नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2020 मध्ये मालवणच्या याच अभयारण्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. डायव्हिंगच्या हौसेपायी प्रवाळे मोडत आहेत आणि त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, असा त्याचा सूर आहे. गर्दीचा धोका माणसालाही असतो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

आणि चौथा हक्क सांगणारा कोण? तुम्ही-आम्ही. दोन दिवसांसाठी येणारे, पैसे दिले म्हणजे सगळे आपले असे समजणारे. मच्छीमाराला, पर्ससीनवाल्याला, होडीवाल्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण जेट्टीवर दर आम्हीच पाडला होता, आणि तुकडा आमच्याच मुलाच्या हातात होता.

मग या जागेवर आधी हक्क कुणाचा आणि आधी माघार कुणी घ्यायची? याचे उत्तर शोधताना आम्हाला आपल्याच इतिहासातली एक गोष्ट आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेच्या परिसराला पवित्र क्षेत्र ठरवले, तिथली झाडे तोडायला आणि शिकार करायला मनाई केली. चराईसाठी राखून ठेवलेल्या जमिनीला अरबीत हिमा म्हणत. इस्लामपूर्व काळात बलदंड सरदार स्वतःच्या जनावरांसाठी हिमा बळकावत. इस्लामने तो खासगी हक्क मोडला आणि हिमा लोकांच्या सामाईक गरजेसाठी ठेवली.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत अशाच एका हिमेवर हुनैय नावाचा त्यांचा मुक्त केलेला सेवक देखरेखीला होता. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला बजावले की लोकांशी नरमाईने वाग आणि ज्याच्यावर जुलूम होतो त्याच्या बददुआला भी. ज्याच्याकडे चार उंट किंवा थोड्याच बकऱ्या आहेत, त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप आत घेऊ नकोस. हे दोघे केवढे थोर सहाबी! तरीही नियम त्यांच्यासाठीच कडक. कारणही हजरत उमर (रजि.) यांनीच दिले. श्रीमंतांची जनावरे मेली तरी त्यांच्याकडे खजुराच्या बागा आणि शेती आहे. गरिबाची चार जनावरे मेली तर तो बायको-मुलांना घेऊन दारात उभा राहील.

आम्हाला वाटते, मालवणच्या पाण्याला हाच नियम लावावा. जागा राखायची, पण ती राखताना ज्याचा संसार या पाण्यावरच आहे त्याला आधी आत घ्यायचे, आणि ज्याला दुसरा मार्ग आहे त्याने आधी मागे हटायचे. रापणवाल्याला आणि लहान होडीवाल्याला दुसरा समुद्र नाही. मोठ्या जाळ्याला खोल पाणी आहे. आपल्याला तर घरी परत जायला यवतमाळ आहे. मागे हटण्याची पहिली पाळी आपलीच.

जगात हे कुठे झाले आहे का? झाले आहे, आणि आपल्या भाईबंदांच्या देशांतही झाले आहे. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात पांगलिमा लाओत नावाची मच्छीमारांची जुनी परंपरा आहे, सुलतानांच्या काळापासूनची. मच्छीमारच आपला प्रमुख निवडतात. कुठे कोणते जाळे चालेल ते तो ठरवतो, भांडणे मिटवतो, आणि शुक्रवारी जुम्माच्या नमाजपर्यंत कुणी होडी काढत नाही. तिथल्या वेह बेटाजवळ या परंपरेखाली राखलेल्या पाण्यात प्रवाळे चांगली टिकल्याचे अभ्यासकांना आढळले. मलेशियाने सिपादान बेटावरची हॉटेले 2004 च्या अखेरीस हलवली आणि रोज 120 जणांनाच पाण्यात उतरण्याचा परवाना ठरवला. तो आकडा पुढे बदलला, पण मर्यादा ठेवायची हे तत्त्व राहिले. इजिप्तमध्ये लाल समुद्रावरच्या हुरघादा गावात 1992 मध्ये डायव्हिंगवाल्यांनीच संस्था काढली आणि तळाला कायमचे तरंगते बोये जखडून दिले. होड्या त्यांना दोर बांधतात, नांगर खडकावर पडत नाही.

तीन ठिकाणे, तीन रीती. पण तिन्हींत मर्यादा आहे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारे कुणीतरी जबाबदार आहे. आपल्या टिपेश्वरलाही हेच नाही का? सुन्ना आणि माथनीच्या फाटकावर ठरावीक गाड्याच आत सोडतात. सोबत गावातला वाटाड्या घ्यावाच लागतो. गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. वाघाला पाव टाकावा असे कुणाच्या मनातही येत नाही. त्या वाटाड्याच्या घरची चूल त्याच वाघावर चालते, म्हणून वाघ राखण्यात त्याचाही फायदा आहे. मालवणच्या गाभ्यातही रोजच्या डायव्हिंगचा आकडा ठरावा, त्यातल्या होड्यांचा पहिला मान स्थानिक मच्छीमार कुटुंबांना मिळावा, खाली नेणारा माणूस प्रशिक्षित असावा, आणि नांगराऐवजी दोर बांधायची सोय असावी. आणि हे सगळे ठरवताना मच्छीमार सोसायट्यांना आधी बसवावे, मागून कळवू नये. नौदलाची निवृत्त युद्धनौका गुलदार निवती खडकांजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचे काम पर्यटन महामंडळाने हाती घेतले आहे. त्यामुळे किल्ल्याजवळची गर्दी थोडी वाटली जाईल, अशी आशा आहे. पण किल्ल्याजवळ आकडा ठरला नाही, तर गर्दी एकाऐवजी दोन ठिकाणी होईल, एवढेच.

कुणी विचारेल, आकडा ठरला की दर वाढेल, मग आपल्यासारख्या बेताच्या कमाईच्या घरांनी समुद्राचा तळ पाहायचाच नाही का? हा प्रश्न खोटा नाही. आमच्याही घरात तो निघाला. परवाना पैशाच्या बोलीवर न देता नावनोंदणीच्या क्रमाने दिला, तर गरिबाची पाळीही येईल. तरीही दर थोडा वाढेलच, आणि सगळ्यांना प्रत्येक फेरीत खाली जाता येणार नाही. हे आपण मान्य करावे. घरातल्या सातही माणसांनी तळाला जाण्याची गरज नाही. किल्ला पाहावा, खाऱ्या समुद्रात वेढलेल्या त्या बेटावरच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी मुलांना दाखवाव्यात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात, तिथे जावे. ज्यांना उतरायचे आहे त्यांनी उतरावे, पण नीट उतरावे.

नीट म्हणजे कसे, ते आमच्या घरी आता ठरले आहे. सगळ्यांत स्वस्त होडी शोधायची नाही. जो होडीवाला आधी वेळ देऊन समजावतो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू देत नाही आणि जादा माणूस घेत नाही, त्याच्याकडे जायचे, मग दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील. अंगभर डायव्हिंग सूट मागून घ्यायचा. आपल्या मुली-सुनांच्या पडद्याच्या दृष्टीने तो बरा, आणि उन्हापासून वाचवणारे मलम अंगाला फासून पाण्यात उतरावे लागत नाही. त्या मलमांतली काही रसायने प्रवाळाला अपाय करतात म्हणून पलाऊ आणि हवाईने ती बंद केली आहेत. पाण्यात कशावर उभे राहायचे नाही, कशाला हात लावायचा नाही, माशांना पाव टाकायला सांगायचे नाही. शिंपला असो की दगड, पाण्यातून काही आणायचे नाही, आणि दुकानात कुणी प्रवाळ विकत असेल तर घ्यायचे नाही.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, अशी शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. मुबलक आहे म्हणून नासायचे नाही, हा तिचा अर्थ. ती शिकवण मशिदीच्या हौदापाशी संपत नाही. पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्त्रकुंडाला आपणच जातो, आणि तिथल्या खडकांत अडकलेल्या प्लेटा आणि बाटल्याही आपल्यातल्याच कुणाच्या तरी असतात. सहस्त्रकुंडाला जो कचरा टाकतो, तोच मालवणला खडकावर उभा राहतो. सुरुवात घरापासून करायची तर सहस्त्रकुंड जवळ आहे.

आमच्या थोरल्या मुलाने परवा विचारले, "तो तुकडा परत समुद्रात नेऊन लावता येणार नाही का?" आम्ही सांगितले, नाही बेटा, तो मेला आहे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी मी वरूनच बघेन." त्याने खाली जाऊच नये असे आम्हाला वाटत नाही. जावे, पण पाहुण्यासारखे जावे. अमानत पाहावी आणि जशी होती तशी मालकाकडे सोडून यावे.

वस्सलाम.